ओट्याची कड कोणी धरायची?

मुंबईच्या उपनगरांत स्वयंपाकघराचे काम निघाले की चर्चा दगडाच्या रंगापासून सुरू होते. जेट ब्लॅक की टेलिफोन ब्लॅक, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, कडेला गोलाई की चौकोनी पट्टी, यावर घरात आठवडाभर खल चालतो. खालच्या कपाटाच्या बाहेर ओट्याचा जो भाग अधांतरी येणार, त्याला धरणार कोण, हा प्रश्न मात्र दगड घरात येऊन भिंतीला टेकवून उभा राहिल्यावर निघतो. मग मिस्त्रीच्या गोणीत जे दोन अँगल शिल्लक असतील ते उत्तर ठरते. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा हवा. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन पट्ट्यांतल्या घरांची बांधणी, त्यांतल्या भिंती आणि त्या ओट्यांवर होणारी कामे पाहता, पुढे आलेल्या कडेचा भार दगडाच्या ताकदीवर किंवा भिंतीत ठोकलेल्या फास्टनरवर न सोडता सरळ जमिनीवर उतरवावा, आणि हे पहिली वीट फोडण्याआधी ठरावे. हे मत सर्वांना पटणारे नाही. त्याविरुद्धचे काही मुद्दे वजनदार आहेत, त्यांचाही विचार पुढे येईलच.

जुन्या ओट्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही. चूल जमिनीवरून उठली, स्टोव्ह आला, १९५० च्या दशकात बर्मा शेलचा ‘बर्शेन’ गॅस मुंबईत आला आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. त्यासाठी जो ओटा बांधला गेला त्याची रचना कमालीची साधी होती. दीड-दोन फुटांवर कडप्प्याच्या उभ्या फळ्या, त्यांची मागची कड भिंतीत घातलेली, वर आडवा कडप्पा, त्यावर मालाचा थर आणि वर पुन्हा कडप्पा किंवा पुढे पुढे ग्रॅनाइट. वरच्या दगडाखाली असा दोन-अडीच इंचांचा भरीव बिछाना असे. कड बाहेर यायची ती इंच-दीड इंच, सांडलेले पाणी फळीवर ओघळू नये एवढ्यापुरती. पाट्यावर वरवंटा फिरो की कडेवर नारळ आपटो, भार खाली उतरायला वाट सरळ होती. त्या ओट्याला झुरळांचे माहेरघर म्हणून नावे ठेवली जातात आणि ती खोटी नाहीत. पण भार वाहण्याच्या बाबतीत तो आजच्या मॉड्युलर ओट्यापेक्षा सरस होता. मॉड्युलर रचनेत कडप्प्याच्या फळ्या जातात, प्लायचे बॉक्स येतात आणि १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट एकटाच त्यांच्यावर बसतो.

दुसरा बदल भिंतीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत स्वयंपाकघराला किमान ५.५ चौरस मीटर क्षेत्रफळ आणि १.८ मीटर रुंदी पुरेशी मानली होती. त्यातून ओट्याचे ६० सेंटिमीटर वजा केले की वावरायला १.२ मीटर उरतात, आणि त्यातच फ्रिजचे दार उघडायचे असते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून तिच्या जागी बसायला काउंटर करण्याची कल्पना उपनगरांत इतकी रुजली ती केवळ सिनेमातली घरे पाहून नव्हे. जेवणाच्या टेबलाची जागा वाचते, हे तिचे खरे कारण आहे. पण स्टुलावर बसणाऱ्याचे गुडघे काउंटरखाली जायचे तर दगड बराच बाहेर यावा लागतो. अमेरिकेतल्या स्वयंपाकघर-रचनाकारांच्या मार्गदर्शक मापांनुसार ३६ इंच उंचीच्या काउंटरला गुडघ्यांसाठी १५ इंच खोली लागते, आणि ४२ इंच उंचीला १२. आपल्याकडे १० ते १२ इंचांवर भागवतात. तरीही जुन्या इंच-दीड इंचाच्या तुलनेत ही आठ-दहापट झेप झाली. कारागीर या बाहेर आलेल्या भागाला प्रोजेक्शन म्हणतात आणि दरपत्रकात ते रनिंग फुटात मोजतात. त्यासाठी द्यायच्या आधाराचा मात्र दरपत्रकात वेगळा रकाना नसतो.

आता दगडाचा स्वभाव. ग्रॅनाइट दाबाला जबरदस्त आहे आणि ताणाला कच्चा. इमारतींत वापरण्याच्या ग्रॅनाइटसाठी अमेरिकन मानकाने ठरवलेली किमान दाबशक्ती प्रति चौरस मिलिमीटर १३१ न्यूटन आहे, तर वाकवताना मोडण्याची किमान मर्यादा अवघी ८.२७. म्हणजे सोळापटींचा फरक. आधाराच्या दोन टोकांमध्ये ठेवलेला दगड वाकतो तेव्हा ताण खालच्या पृष्ठभागावर येतो. अधांतरी कडेवर वजन आले की हे उलटते: खालची बाजू दबते, वरची ओढली जाते, आणि सर्वांत जास्त ओढ कडेला नसून जिथे कपाट संपते त्या रेषेवर असते. खिडकीवरच्या सिमेंटच्या छज्ज्यात सळया वरच्या अंगाला घालतात त्या याच कारणाने. सेंटरिंगच्या वेळी त्या पायाखाली दबून खालच्या अंगाला गेल्या, तर तो छज्जा वरून भक्कम दिसूनही एखाद्या पावसाळ्यात मान टाकतो. ग्रॅनाइटमध्ये तर सळईच नसते. त्यामुळे तो आधी वाकून इशाराही देत नाही, एकदम तुटतो.

किती बाहेर आलेले चालते? नैसर्गिक दगडाच्या व्यवसायातल्या अमेरिकन संस्थेचा, नॅचरल स्टोन इन्स्टिट्यूटचा, सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा असा: २ सेंटिमीटर जाडीच्या दगडाला आधाराविना ६ इंच, ३ सेंटिमीटरला १० इंच, आणि कोणत्याही परिस्थितीत बाहेरचा भाग एकूण खोलीच्या एक-तृतीयांशाहून अधिक नको. मुंबईत सर्रास मिळणारा दगड १८ मिलिमीटरचा, म्हणजे या ठोकताळ्याच्या पहिल्या पायरीच्याही किंचित खालचा. तरी आपण १२ इंच बाहेर काढतो. याचा हिशेब करून पाहू. ८० किलोचा माणूस १२ इंच, म्हणजे ३०० मिलिमीटर, बाहेर आलेल्या १८ मिलिमीटर दगडाच्या टोकावर आला आणि त्याचा भार ६०० मिलिमीटर रुंदीत वाटला गेला असे धरले, तर कपाटाच्या रेषेवर सुमारे ७.३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण येतो. तुटण्याची किमान मर्यादा ८.२७. सुरक्षेसाठी हातात काहीच उरले नाही, आणि दगडात एखादी नैसर्गिक शीर त्या रेषेजवळ असेल तर एवढेही नाही. तोच दगड ६ इंच बाहेर असता तर ताण निम्म्यावर येतो. ३० मिलिमीटर जाडीचा घेतला तर १२ इंचांनाही तो २.६ पर्यंत उतरतो, कारण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते.

तुटण्याआधी आणखी एक शक्यता असते, उलटण्याची. १८ मिलिमीटर ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला साधारण ४९ किलो. ६० सेंटिमीटर कपाटावर आणि ३० सेंटिमीटर बाहेर अशी एक मीटर लांबीची लादी नुसती ठेवलेली असेल, तर तिच्या टोकावर २२ किलो येताच मागची बाजू उचलायला लागते. ठोकताळ्यातला एक-तृतीयांशाचा नियम तंतोतंत पाळूनसुद्धा. भिंतीलगतच्या ओट्यात मागची कड टाइल्सखाली दबलेली असते, त्यामुळे हे जाणवत नाही. मधोमध उभ्या असलेल्या काउंटरला ती सोय नाही. तिथे दगड सिलिकॉनने प्लायला चिकटवतात. तो निघाला नाही, तरी बॉक्स जमिनीला जखडलेला नसेल तर बॉक्ससकट सगळे कलते.

इथे पहिला आक्षेप येतो: काउंटरच्या टोकावर ८० किलोचा माणूस येईलच कशाला? लोक तिथे चहाचा कप ठेवतात, लॅपटॉप ठेवतात, फार तर कोपर टेकतात. परदेशी स्वयंपाकघरापुरता हा आक्षेप निम्मा तरी खरा असेल. उपनगरातल्या स्वयंपाकघरात मात्र वर माळा असतो. गणपतीआधी मोदकपात्र काढायला, दिवाळीआधी पितळी डबे उतरवायला, एक्झॉस्ट फॅनची जाळी पुसायला माणूस स्टुलावरून ओट्यावर चढतो, आणि चढताना पहिला पाय कडेवरच पडतो. उतरताना तर सगळे वजन एका टाचेवर आणि हातात डबा. शिडी लावायला १.२ मीटरच्या पट्टीत जागा नसते, हे आपण वर पाहिलेच. मुले कडेवर लोंबकळतात ते वेगळेच. म्हणून आपल्याकडे ओट्याच्या कडेसाठी धरायचा भार जेवणाऱ्याचा धरू नये, चढणाऱ्याचा धरावा. एवढे एक गृहीत बदलले की पुढची सगळी गणिते बदलतात.

दुसरा आक्षेप सवयीचा आहे, आणि दुकानात तो ठामपणे ऐकवला जातो: इतकी घरे केली, कुठे काही झाले नाही. यातली फसवणूक अशी की न तुटलेला दगड सुरक्षित आहे एवढेच दिसते, त्याच्या अंगावर अजून खरा भार आला की नाही ते दिसत नाही. शिवाय जे दगड मजबूत भासतात त्यांतल्या अनेकांची मजबुती दिखाऊ असते. ओट्याच्या कडेला खालून दुसरी पट्टी चिकटवून ३६ मिलिमीटर जाडीचा आभास करण्याची पद्धत मुंबईत सार्वत्रिक आहे. दोन उभ्या आधारांमधल्या अंतरात ही पट्टी लहानशा तुळईचे काम करते, हे मान्य. पण अधांतरी भागाची खरी कसोटी कपाटाच्या रेषेवर लागते, आणि तिथे जाडी १८ ची १८ च राहते. उलट टोकाचे वजन पट्टीने वाढलेले असते. कारखान्यात लादीच्या पाठीला चिकटवलेल्या फायबरच्या जाळीचेही असेच. ती असते खालच्या अंगाला, आणि इथे ताण येतो वरच्या अंगाला. वाहतुकीत लादी सांभाळणे हा तिचा उपयोग, तेवढा ती चोख करते.

मग दगडच जाड घ्यावा, हा उपाय? गणिताने तो बरोबर आहे, ते वरच्या आकड्यांतून दिसलेच. त्यावर घेतली जाणारी ‘स्लॅबवर वजन येईल’ ही शंका मात्र फारशी टिकत नाही. भारतीय मानकांनुसार घरातल्या जमिनीचा वापरभार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, धरतात. दोन मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर खोल अशा ३० मिलिमीटर ग्रॅनाइटचे एकूण वजन १४६ किलो होते, आणि जिथे पूर्वी विटांची अख्खी भिंत उभी होती तिथे ते येणार असते. अडचण वेगळी आहे. दीडशे किलोची एकसंध लादी लिफ्टमध्ये मावत नाही, चौथ्या मजल्यावर जिन्याने नेताना वळणावर अडते, म्हणून तिचे दोन तुकडे करतात आणि सांधा नेमका अधांतरी भागात येतो. क्वार्ट्झचा दगड वाकण्याला ग्रॅनाइटपेक्षा कित्येक पटींनी चिवट असतो, हेही खरे. पण त्यातले रेझिन उष्णतेला नाजूक असते, आणि कुकर उतरवून थेट ओट्यावर ठेवण्याची आपली सवय कोणी सोडेल असे मला वाटत नाही. जाड किंवा चिवट दगड आधाराला मदत करतो. आधाराची जागा त्याने घ्यावी अशी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

लोखंडी अँगल किंवा दगडाखाली लपणारी पट्टी यांवर कारागिरांचा सर्वाधिक भरवसा असतो, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. ५० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी दगडाखाली आडवी घातली की वरून काही दिसत नाही, पण अशी एक पट्टी आपल्या ८० किलोच्या निम्म्याच भाराला पुरते. तीच पट्टी उभी ठेवली तर पाचपट काम करते, मात्र दिसते. लपवण्याची हौस अशी ताकदीच्या मुळावर येते. त्याहून मोठा प्रश्न अँगल कशात ठोकणार हा. ३०० मिलिमीटरवरचे ८० किलो अँगलला भिंतीपासून उपटू पाहतात. अँगलच्या उभ्या भुजेवर वरचा आणि खालचा बोल्ट २५ सेंटिमीटर दूर असतील तर वरच्या बोल्टवर साधारण ९६ किलोची ओढ येते, आणि भुजा आखूड असून अंतर ८ सेंटिमीटरच असेल तर ३०० किलोची. ही ओढ विटांच्या चार इंची भिंतीत, जुन्या ओलसर प्लॅस्टरमागे लाकडी गुट्टी ठोकून घेतली जाणार असेल तर बोलायलाच नको. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. सिपोरेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ब्लॉकमध्ये फुगणारा फास्टनर आजूबाजूचा ब्लॉकच चिरडतो. तिथे आरपार बोल्ट आणि मागे पत्रा किंवा रासायनिक अँकर लागतो. अलीकडच्या टॉवरांत मायव्हान पद्धतीच्या अखंड काँक्रीटच्या भिंती असतात. तिथे अँगल उत्तम बसतो, हे माझ्या मताविरुद्ध जाणारे असले तरी कबूल केले पाहिजे. मात्र त्याच भिंतीत झिरी मारून सळया कापायला परवानगी नसते, आणि ती भिंत पाडून काउंटर करण्याचा तर प्रश्नच येत नाही.

सर्वांत फसवा आधार म्हणजे अर्धी भिंत. हॉलकडची भिंत पूर्ण न पाडता अडीच-तीन फुटांची ठेवायची आणि तिच्या माथ्यावर काउंटर बसवायचा, ही युक्ती स्वस्त आणि नीटस दिसते. पण पूर्ण भिंत वर छताने आणि बाजूंनी धरलेली असते. अर्धी कापली की तिचा वरचा आधार गेला. अशा भिंतीचे वजन मीटरला दोनशे किलोच्या आसपास, आणि प्लॅस्टरसकट जाडी १४ सेंटिमीटर. म्हणजे बाजूला कलण्याविरुद्ध तिची स्वतःची पत फक्त १४ किलो-मीटर, आणि ३० सेंटिमीटर बाहेरचा ८० किलोचा माणूस तिला २४ किलो-मीटरने ढकलतो. विटांच्या सांध्यातला माल ताण फारसा घेत नाही. भिंत पडली नाही तरी तळाशी केसाएवढी चीर जाते आणि वरचा दगड एका बाजूला टेकतो.

म्हणून जमीन. काउंटरच्या मोकळ्या टोकाला आणि मध्ये दोन-अडीच फुटांवर चौकोनी पाइपचे पाय, किंवा टोकाला दगडाचीच उभी फळी, किंवा खाली पूर्ण लोखंडी चौकट. पायाने टोकाजवळ टेका दिला की दगड अधांतरी राहतच नाही. तो दोन आधारांवर टेकलेली लादी होतो, ताण खूपच घटतो, भिंतीला उपटण्याचा प्रश्न मिटतो आणि बॉक्स कलण्याचाही. फक्त पाय कडेपासून तीन-चार इंच आत असावा, म्हणजे गुडघ्याला आणि झाडूला अडथळा होत नाही. हॉलमधून पाय दिसतात, हा यावरचा खरा आक्षेप. दिसतात. आणि दोन स्टुलांच्या मधोमध येतील असे बसवले तर ते खटकत नाहीत, असे मला वाटते. पण ही शेवटी आवडीची बाब आहे आणि तिथे गणित चालत नाही. ज्यांना पाय नकोच आहेत त्यांनी दगड ६ इंचांवर थांबवावा आणि स्टूल तिरके ठेवावे. तेही प्रामाणिक उत्तर आहे.

नूतनीकरण चालू असताना या सगळ्याला आणखी धार येते. पुष्कळदा वरचा ग्रॅनाइट चांगला असतो, तो ठेवून खालच्या कडप्प्याच्या फळ्या काढून बॉक्स बसवायचे असतात. तेव्हा जुना दगड काही दिवस संपूर्णच अधांतरी असतो, आणि त्यात सिंक व हॉबसाठी कापलेली भोके असतात. भोकाच्या पुढे उरलेली दोन-तीन इंचांची पट्टी हा ओट्यातला सर्वांत दुबळा भाग, आणि चौकोनी कापलेल्या भोकाचे कोपरे हे चीर सुरू होण्याचे ठरलेले ठिकाण. म्हणून टेकू आधी, फोडाफोडी नंतर. दगडाखाली लांबीभर प्लायची जाड पट्टी किंवा रीप द्यायची, त्याखाली दोन-दोन फुटांवर टेकू उभे करायचे, प्रत्येक टेकूखाली फळीचा तुकडा ठेवायचा आणि दोन्हीकडून पाचर मारून तो फक्त ‘लागेल’ एवढा घट्ट करायचा. पाचर जोरात मारली तर खालून वर ढकलला जाऊनही दगड तुटतो. पहिले टेकू भोकांच्या दोन्ही अंगांना. मग फळ्या एकेक करून काढायच्या. एक काढली, तिच्या जागी नवा आधार बसला, की पुढची. ब्रेकर वापरू नये, फळी कटरने भिंतीलगत कापावी, कारण हादरा सरळ वरच्या दगडात जातो. यात एक दिवस जास्त जातो, मजुरी वाढते. त्यावर कंत्राटदाराची कुरकुर समजण्यासारखी आहे, पण तुटलेल्या दगडाचा भुर्दंड दरपत्रकात कोणाच्या नावावर आहे, हे आधी लिहून घेतले की ती बरीच कमी होते.

आधार काढण्याचा हा प्रश्न ओट्यापुरता असतो तोवर नुकसान दगडाचे. इमारतीच्या बाबतीत उपनगरांनी त्याची किंमत माणसांत मोजली आहे. १८ जुलै २००७ रोजी बोरिवलीत बाभई येथील लक्ष्मीछाया ही इमारत कोसळून पंचवीसहून अधिक माणसे गेली, २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधल्या सिद्धी साई इमारतीत सतरा. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर झालेल्या फेरबदलांच्या कामाकडे बोट दाखवले गेले. स्वयंपाकघराची एक चार इंची भिंत काढणे आणि खांबाला हात लावणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत अशी भिंत भार वाहत नाही. पण उपनगरांत भिंतींवर उभ्या असलेल्या जुन्या इमारतीही आहेत, आणि प्लॅस्टरखाली काय आहे हे नुसते ठोकून कळत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठीचा अहवाल सोसायटीच्या कार्यालयात असतो, आणि फेरबदलासाठी सोसायटीची लेखी परवानगी काढताना तो मागून वाचणे हे फुकटचे शहाणपण आहे. पाडलेल्या भिंतीच्या रॅबिटकडेही, म्हणजे राडारोड्याकडेही, याच नजरेने पाहावे. तीस-पस्तीस किलोच्या गोण्या एकावर एक पाच रचल्या की त्या जागेपुरती चौरस मीटरला २०० किलोची मर्यादा कधीच मागे पडलेली असते. भिंत उभी असताना जो भार तुळईवर होता, तो आता स्लॅबच्या मधोमध येतो.

शेवटचा आक्षेप खास आपल्याकडचा: बिल्डिंग तीन-चार वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, कशाला एवढे? वाटाघाटी लांबत जाऊन तीनाची दहा वर्षे झालेल्या सोसायट्या मुलुंड-बोरिवलीत कमी नाहीत, हे एक उत्तर. पण आक्षेप खरा मानला तरी तो पायांच्याच बाजूने जातो. भिंतीत रोवलेले अँगल, झिरीत बसवलेल्या पट्ट्या आणि अर्धी भिंत हे सगळे इमारतीबरोबर पाडले जाणार. नटबोल्टने जोडलेली लोखंडी चौकट मात्र उलगडून भाड्याच्या घरात आणि तिथून नव्या घरात नेता येते. तिच्यावर दगड सिलिकॉनच्या ठिपक्यांवर बसवला असेल तर तोही पातळ तारेने सोडवता येतो. फक्त चौकट बनवून घेताना फॅब्रिकेटरला दोन गोष्टी सांगाव्यात: तिची रुंदी नव्या दारातून आडवी जाईल एवढीच ठेव, आणि पायांच्या तळाला फिरते स्क्रू दे, कारण कोणत्याही दोन घरांची फरशी एका पातळीत नसते.